न थांबणारा खाऊ

त्र्यंबकराव खांबेट्यांनी एकतीस वर्षं ठाण्याच्या कचेरीत दुसऱ्यांचं लिखाण उतरवून काढलं. ते नकलनवीस होते. कुणाचा अर्ज असो, कुणाचं खरेदीखत असो, समोर येईल ते कानामात्रा न चुकवता उतरवायचं, खाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असं लिहायचं आणि सही ठोकायची, एवढाच त्यांचा उद्योग. असं आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाडात एक गोष्ट मुरते. समोर लिहिलेलं आहे ना, मग ते बरोबरच असणार. आपण फक्त बिनचूक पाळायचं. माणूस तसा लाख होता, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण ही एक खोड त्यांना फार महागात पडली. ती कशी, तेच सांगायचं आहे.

अठराशे एकोणनव्वद साली त्यांना पेन्शन झाली, त्याच्या आदल्याच वर्षी बायको गेली. नौपाड्याच्या कडेला, जिथे घरं संपून शेतं सुरू होत, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. स्वयंपाक ते स्वतःच करत. भात, वरण, कधी पिठलं. जेवायला मात्र भिंतीकडे तोंड करून बसत. दाराकडे तोंड केलं की उगीच कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारखं वाटतं, असं त्यांनी एकदा शेजाऱ्यांना सांगितलं होतं. शेजारी हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, मला तरी कळलेलं नाही.

त्यांना एकच मुलगी, ठमा. अकराव्या वर्षी तिला कल्याणला दिली होती, पारनाक्याजवळच्या एका खात्यापित्या घरात. सासरी तिचं नाव सरस्वती ठेवलं, पण बापाच्या तोंडी ठमीच राहिलं. आता ती एकोणीस वर्षांची होती. ठाण्याहून कल्याण म्हणजे आगगाडीचा पाऊणएक तासाचा रस्ता. खाडीवरचा पूल, मुंब्र्याचे बोगदे, दिवा, नवं झालेलं डोंबिवली स्टेशन, की आलंच कल्याण. इतक्या जवळ असलेल्या दोन माणसांनी एकत्र बसून दोन घास खावेत, यात अवघड ते काय? तर अवघड होतं. नुसतं अवघड नव्हे, अशक्यच होतं.

त्याचं असं की, लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत. ठमाला आठ वर्षांत मूल झालं नव्हतं. त्यामुळे त्र्यंबकराव कल्याणला जाताना आपला पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन जात आणि ओटीवर बसून व्याह्यांच्या देखत आपलं पाणी आपण पीत. बरं, मग ठमाने ठाण्याला यावं? तर माहेरी बाईमाणूस नाही. आई नाही, चुलती नाही, विधवा आत्यासुद्धा नाही. “बाईमाणूस नसलेल्या घरात सून पाठवायची कशी?” असं विहीणबाई विचारत, आणि त्र्यंबकराव मान हलवत. दोन्ही नियम त्यांना पाठ होते आणि दोन्ही त्यांना बरोबरच वाटत. त्या दोन नियमांच्या मध्ये आपली पोर चिरडली जाते आहे, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. फक्त त्यावर काही करता येतं, हे त्यांच्या गावी नव्हतं.

महिन्यातून एकदा ते जात. ओटीवरच्या जाजमावर बसत. विहीणबाई दाराआडून खुशाली विचारत. मग ठमा बाहेर येई, वाकून नमस्कार करी आणि खांबाला टेकून उभी राही.

“बरी आहेस ना, ठमे?”

“बरी आहे, अण्णा. तुम्ही जेवता ना वेळेवर?”

“जेवतो हो.”

एवढ्यात आतून हाक येई आणि ती जाई. हे एवढं ऐकायला त्र्यंबकराव तिसऱ्या वर्गाच्या बाकावर हाडं खिळखिळी करून घेत आणि चारच्या गाडीने परत फिरत.

जाताना ते काहीतरी खाऊ नेत. हात काही बायकोसारखा नव्हता, पण शिकले होते. तो डबा विहीणबाईंच्या हाती देत. डबा आत जाई, फडताळात पडे. संध्याकाळी घरचे पुरुष येत, त्यांची पानं होत, मग मुलांची, मग सासूची. सगळ्यात शेवटी सुनेचं पान. एके खेपेला त्र्यंबकरावांनी तिळाच्या वड्या नेल्या होत्या. पुढच्या महिन्यात बोलता बोलता त्यांच्या तोंडून चुकून निघून गेलं, “ठमे, लाडू कसे झाले होते गं मागच्या वेळचे?”

“फार छान झाले होते, अण्णा,” ठमा म्हणाली. “गोडही बेताचेच होते.”

त्र्यंबकराव तिच्याकडे बघतच राहिले. तिने वड्यांचा तुकडाही पाहिला नव्हता. आठ वर्षांतलं त्यांनी नेलेलं किती तिच्या तोंडी पडलं असेल, याचा विचार करत ते घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. त्यांच्या मनाने घेतलं ते एवढंच, की मरण्याआधी एकदा तरी आपल्या हातचं काहीतरी पोरीने आपल्या डोळ्यांदेखत, पोटभर खाल्लेलं पाहायचं. म्हाताऱ्या माणसाला काही जगावेगळं नको असतं.

आता या गोष्टीत बर्फ कसा शिरला ते ऐका.

पेन्शनीतही ते एका पारशी वकिलाच्या घरी नकला करून पोचवत. एका चैत्रात गेले, तर मागच्या पडवीत वकिलाचा स्वयंपाकी लाकडी बादलीत एक डबा गरागरा फिरवत बसलेला. बादलीत बर्फाचे तुकडे आणि मीठ, डब्यात आटवलेलं गोड दूध. तासाभराने डबा उघडला तर आतलं दूध लोण्याच्या गोळ्यासारखं घट्ट झालेलं. त्र्यंबकरावांनी ते खाल्लं अर्थातच नाही. पण विचारलं, “हे राहतं का हो उद्यापर्यंत?”

“उद्या?” स्वयंपाकी हसला. “अरे, घटकाभर नाय राहत. काढला के लगेच खावा लागते. नाय तर पानी.”

त्र्यंबकराव घरी येईपर्यंत रस्ता विसरले. जे ठेवता येत नाही, ते फडताळात जाणार नाही. जे संध्याकाळपर्यंत थांबत नाही, ते पुरुषांच्या पानांसाठी राखता येणार नाही. असा खाऊ नेला, तर तो तिथल्या तिथे, सगळ्यांनी मिळून, ठमीसकट खावा लागेल. एकतीस वर्षांत त्यांना स्वतःचं म्हणून काही सुचलं असेल, तर ते हेच.

दूध त्यांना नको होतं. दूध आणि आंबा एकत्र म्हणजे वैद्यबुवांच्या मते विरुद्ध अन्न, आणि उन्हाळ्यात दूध वाटेतच नासायचं. दही आधीच आंबट, ते आणखी काय बिघडणार! तेव्हा दही फडक्यात टांगून त्याचा चक्का करायचा, त्यात साखर आणि आंब्याचा रस फेटायचा, आणि तो गोठवायचा. बर्फ काही ठाण्यात होत नव्हता, पण स्टेशनाजवळच्या सोडावॉटरच्या दुकानात मुंबईहून सकाळच्या गाडीने गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून येई. दुकानदाराला वाटलं म्हाताऱ्याला ताप आहे.

पहिल्या खेपेला दही कळकलं. बायकोचा पितळी डबा चार वर्षं माळ्यावर होता, त्याची कल्हई कधीच उडालेली. हे कुठल्याही बाईला डोळे मिटून कळलं असतं. हिरवट, कडवट झालेला तो गोळा त्यांनी फेकून दिला आणि डब्याला कल्हई करून आणली. दुसऱ्या खेपेला सगळं जमलं, डब्याला बाहेरून पांढरं दवही धरलं, पण चव घेतली तर खारट! बादलीतलं मिठाचं पाणी झाकणाच्या फटीतून आत शिरलं होतं.

तेव्हा ते रुळांपलीकडे कोपरीला गेले. तिथे खाडीकडेला मिठागरं होती आणि तिथल्या आगऱ्यांची तुळसा डोक्यावर पाटी घेऊन आळीत मीठ विकायला येत असे. पन्नाशीची, काळीसावळी, आवाज असा की या बांधावरून त्या बांधावर जावा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“ह्ये बारीक मीठ कशाला घेतलाव, अन्ना? ह्ये बर्फाला एका घटकंत खाऊन टाकतं नि आपन बी सपतं. मोटं खडं घ्या. त्ये दमानं खातं. नि झाकनाला कनिक लावा, चांगली घट. बर्फ झाकनाच्या वर जाऊ देव नका.”

“बरं.”

“नि ह्यो उपद्व्याप कुनासाटी?”

“लेकीसाठी. कल्याणला असते.”

“मंग तीच का नाय येत हिकडं?”

“घरात बाईमाणूस नाही ना.”

तुळसाने पदराने मान पुसली. “मंग मी हाय ना! चार दिस येऊन बसंन तुमच्या दारात. मना बी घरी कोन हाय? पोर मेला, सून माहेरी गेली.”

त्र्यंबकराव हसले. विहीणबाईंच्या हिशेबी आगऱ्याची बाई बाईमाणसांत धरली जात नाही, हे तिला तोंडावर कसं सांगायचं? त्यांनी खडे मीठ घेतलं आणि परत फिरले. खरं तर ती दोघं तिथेच बांधावर बसून थोडा वेळ बोलली असती, तरी दोघांनाही बरं वाटलं असतं. पण तसं कुणी करत नसे.

तिसऱ्या खेपेला साधलं. बोटावर घेऊन त्यांनी जिभेला लावलं, दात शिवशिवले, मग आंब्याचा गोडवा हळूहळू तोंडभर पसरला आणि मागून दह्याचा आंबटपणा आला. त्र्यंबकराव एकटेच ‘अहाहा’ म्हणाले. भिंतीने काही उत्तर दिलं नाही.

वैशाखातल्या एका सोमवारी ते निघाले. बादलीत बर्फ, मीठ आणि मधोमध डबा, वर भुसा, भोवती घोंगडी. गाडीत घोंगडीतून पाणी ठिबकायला लागलं आणि खारट वास सुटला. समोरच्या बाकावरच्या बाईने नाक वर करून हुंगलं.

“काय हो भटजीबुवा, बोंबील की कोलंबी?”

“आंबा आहे!” त्र्यंबकराव कडाडले.

“आंबा कधीपासून असा वास मारायला लागला?” ती म्हणाली आणि सगळा डबा हसला. शेंडीवाल्या भटाने घोंगडीखाली मासळी चालवली आहे, अशीच सगळ्यांची खात्री झाली. मुंब्र्याच्या बोगद्यातल्या काळोखातसुद्धा ते बादलीला मिठी मारून बसले होते.

पारनाक्याला पोचले तेव्हा आतला डबा दगडासारखा होता. त्यांनी विहीणबाईंना सगळं समजावून सांगितलं. बर्फाचं पाणी डब्याच्या आत जात नाही, आतलं सगळं घरचं आहे, सोवळ्यात केलेलं आहे. “फक्त हे ठेवता येत नाही हो. आत्ताच खायला हवं. सगळ्यांनी. पोरींनीसुद्धा.”

“असं कसं?” दाराआडून आवाज आला. “आधी देवाला दाखवायला नको? आणि घरचे पुरुष यायचेत. त्यांच्या आधी बायकांनी बसायचं?”

“पण ते विरघळेल.”

“विरघळलं तर विरघळलं. कुठे पळून जातंय?”

डबा आत गेला. पण बर्फाची बादली कुणाच्या हातच्या पाण्याची कोण जाणे, म्हणून ती ओटीवरच राहिली. ठमा खांबाशी उभी होती. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. बादलीतला बर्फ वितळत होता, त्याची सुरसुर तेवढी ऐकू येत होती. साडेतीन वाजले तेव्हा त्र्यंबकराव उठले आणि स्टेशनाकडे चालू लागले.

पुढच्या खेपेला विहीणबाई म्हणाल्या, “ते मागच्या वेळचं आंब्याचं ताक बरं होतं हो. रात्री भातावर घेतलं सगळ्यांनी.”

ताक! त्र्यंबकराव त्या दिवशी ठमाशीही फारसं बोलले नाहीत. पण माणूस चिवट. ज्येष्ठात आंबे संपत आले, तेव्हा त्यांनी पायरीचे शेवटचे बारा आंबे मिळवले, चक्का टांगला, तुळसाकडून मीठ आणलं. या खेपेला काही वेगळं होईल असं मानायला त्यांच्यापाशी काहीच कारण नव्हतं. पण न जाता घरी बसणंही त्यांना जमेना.

कल्याणला पोचले तर ओटी रिकामी. विहीणबाई आतूनच म्हणाल्या, “आज भेट व्हायची नाही. सरस्वती बाहेरची आहे. कालपासून बसली आहे मागच्या पडवीत.”

म्हणजे महिन्याचे ते तीन दिवस. त्या दिवसांत सुनेने घरात यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, तिने हात लावलेलं कुणी खायचं नाही. दर महिन्याला ती अशी बसली, की सासरच्या माणसांचे चेहरे उतरत आणि दुसऱ्या सोयरिकीच्या गोष्टी निघत. हे त्र्यंबकरावांना ठाऊक होतं.

“लांबून बोलू का तिच्याशी? लांबूनच.”

मग विहीणबाई म्हणाल्या, “बोला. बोळातून मागे जा. पण अंतर ठेवा बरं. आणि ती बादली इथेच राहू द्या.”

पण बादलीतून पाण्याचा ओघळ लागला होता, सारवलेल्या ओटीवर ती ठेवायला त्र्यंबकरावांचं मन होईना. ती घेऊनच ते मागे गेले.

पडवीत एका कोपऱ्यात घोंगडीवर ठमा बसली होती. हाताशी काम नाही, समोर कुणी हुकूम सोडणारं नाही. बापाला बघून ती एकदम उठली, मग आठवण होऊन पुन्हा बसली. चार हातांवर, फणसाच्या झाडाखाली, त्र्यंबकराव टेकले. आठ वर्षांत पहिल्यांदाच आतून कुणी हाक मारणार नव्हतं. ती दोघं कितीतरी वेळ बोलली. आईबद्दल बोलली. कळकलेल्या दह्याची हकिकत त्यांनी सांगितली आणि गाडीतल्या बाईने बोंबील की कोलंबी विचारलं तेही सांगितलं, तेव्हा ठमा तोंडाला पदर लावून अशी हसली, की त्र्यंबकरावांना तिचं लहानपण समोर दिसलं.

“दाखवा तरी मला, कसं दिसतं ते.”

त्यांनी डबा बादलीतून काढला, कोरडा पुसला, कणीक सोडवली आणि झाकण उघडून तो मध्ये, जमिनीवर ठेवला. आतला पिवळाधमक गोळा वर वाफ धरून बसला होता. ठमा घोंगडीवरून पुढे सरकली. तिने एकदा घराकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं, आणि हात पुढे करून पाचही बोटं डब्याच्या कडेवर ठेवली.

“ठमे!”

“शिवले मी, अण्णा,” ती म्हणाली.

मागचं दार उघडलं. विहीणबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी डबा पाहिला, डब्यावरची बोटं पाहिली.

“अगं ए कार्टे! काय केलंस हे? आता ते कुणी खायचं?”

“चुकून लागला हात,” ठमा म्हणाली. तिने हात मात्र काढला नाही.

“चुकून! मग गीळ आता तूच सगळं. घरात थेंब आणायचा नाही त्यातला.”

दार धाडकन बंद झालं. पडवीत दोघंच राहिली. ठमाचे कान लाल झाले होते आणि ओठ हसू दाबत होते. पोरीने केलं होतं ते वाईट होतं आणि फार छान होतं, आणि दोन्ही एकदम त्र्यंबकरावांना कळत होतं.

“चमचा नाही गं आणला.”

“फणसाचं पान तोडा ना. मला झाडाला शिवायचं नाही.”

त्यांनी एक पान तोडलं.

“दोन तोडा,” ती म्हणाली.

त्यांनी दोन तोडली. पानाचा दुमडून चमचा करून ठमाने पहिला घास घेतला. तिने डोळे घट्ट मिटले, दात आवळले. “अगंबाई, दात पडले माझे!” म्हणून ती पुन्हा हसली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. बाप बघत होता. हेच बघायला तो जगला होता, म्हणा ना. त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याने ती पुसलीही नाही.

मग ठमाने डब्याचं झाकण उपडं केलं, त्यात निम्मा गोळा काढला, त्यावर दुसरं पान ठेवलं आणि झाकण जमिनीवरून बापाकडे सरकवलं.

“घ्या, अण्णा.”

त्र्यंबकरावांचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

“इथलं नाहीच हे,” ठमा घाईघाईने म्हणाली. “तुमच्या घरचं दही, तुमचे आंबे, डबासुद्धा आईचा. लेकीच्या घरचं खाल्लं असं नाही व्हायचं.”

ते खरं होतं. त्र्यंबकरावांना ते कलम पटलं. पण पुढचं कलम? तिने शिवलेलं होतं. अशा दिवसांत शिवलेलं पोटात गेलं तर काय करायचं असतं? नुसतं स्नान, की जानवं बदलायचं, की उपास? गाडीत लोकांना शिवायचं की नाही? आणि विहीणबाईंनी फटीतून पाहिलं तर? व्याही विटाळशीच्या हातचं जेवले, असं आळीभर होईल. मग ही महिन्याची ओटीही बंद करतील. असं एक एक कलम ते मनात वाचत गेले.

“तू खा, ठमे. मी बघतो ना.”

“तुम्ही घ्या आधी.”

“अगं, खा तू. गार आहे तोवर.”

“तुम्ही घेतल्यावर,” ती म्हणाली, आणि पान डब्यात ठेवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

त्र्यंबकराव विचार करत राहिले. प्रायश्चित्ताचं त्यांना नक्की आठवेना. घरी पोथी होती, पण घर सहा कोसांवर. फणसाच्या सावलीतून ऊन हळूहळू पुढे सरकलं आणि झाकणावर आलं. गोळ्याची कड सुटली, मग मधला भाग खचला. डब्यातही तेच चाललं होतं.

तेव्हा त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. पाठ ताठ, नजर खाली, हात मांडीवर. भूक लागलेली, पण बोलायचं नाही. ती अशीच बसत असणार रोज, चुलीपाशी, पुरुषांची पानं उठेपर्यंत. आठ वर्षं ते ज्यांना मनातल्या मनात दोष देत आले होते, त्यांच्याच पंगतीला आज ते जाऊन बसले होते, आणि तिला ताटकळत ठेवणारा पुरुष आज ते स्वतः होते.

त्यांनी झपकन झाकण उचललं आणि तोंडाला लावलं. गोड होतं. पातळ, कोमट, वर भुशाचा एखादा कण पडलेला. ते त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. मग ठमाने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि तीही तसंच प्यायली. खाली ठेवला तेव्हा तिच्या वरच्या ओठावर पिवळी रेघ उमटली होती. तिने ती पुसली नाही.

“बरं झालंय ना गं?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“छान झालंय, अण्णा,” ती म्हणाली. “गार असताना घ्यायचं होतं तुम्ही.”